‘मी येतो’ कोण म्हणालं

बेडोक
१७ ऑगस्ट २०२५

अवनी,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. दीड वर्षानंतर तुझी खबर आली ती टपालानं. तुझं क्लेमेंटी आणि माझं बेडोक सिंगापूरच्या एकाच मेट्रो लाइनवर आहेत, बसल्या जागी पाऊण तासाचं अंतर. पत्राला चार दिवस लागले. फोनवर तू मला ब्लॉक करून ठेवलं आहेस, तेव्हा मीही कागद घेतला. वर ‘चिरंजीव’ वगैरे लिहिलेलं नाही. तुला उगाच अर्थ शोधत बसावं लागायचं.

आधी चुका सांगतो. ‘आइ’ नाही, ‘आई’. ‘मला समजते नाही’ नव्हे, ‘मला समजत नाही’. ‘आईची आवाज’ नाही, ‘आईचा आवाज’. आवाज पुल्लिंगी आहे. चौतिसाव्या वर्षी पहिलं मराठी पत्र लिहिलंस, त्या मानानं अक्षर बरं आहे. तुला शिकवणारी मधुवंती पुण्याची आहे, तुमच्याच विद्यापीठात पोस्टडॉक करते आणि दर शनिवारी तुझ्या खोलीवर येते असं लिहिलं आहेस. मुलगी हुशार दिसते. पण मला ‘तुम्ही’ म्हणायचं हे तिनं शिकवलं, की ते तुझं तू ठरवलंस? माझ्या भावाची मुलं त्याला ‘ए बाबा’ म्हणतात.

तू लिहितेस की मी शिकवायला नकार दिला म्हणून तुला परक्या बाईकडे जावं लागलं. तो दिवस मला आठवतो. तू तुझ्याच फ्लॅटमध्ये राहणाऱ्या सोमाली मैत्रिणीला, होदनला, घेऊन इथं हॉकर सेंटरमध्ये जेवायला आली होतीस. ती सांगत होती की कार्डिफमध्ये वाढले, शाळेत जायला लागल्यावर सोमाली विसरले आणि तिशीत पुन्हा शिकायला घेतली. दर शुक्रवारी वडिलांना फोन, तासभर फक्त सोमाली. पहिलं वर्षभर तिला निम्मं कळायचं नाही, वडील तीच गोष्ट परत पहिल्यापासून सांगायचे. त्यांच्यात बाप मुलीलाच ‘आबो’ म्हणून हाक मारतो, म्हणजे ‘बाबा’. हे सांगताना तिचा आवाज बदलला होता. मग तू माझ्याकडे वळलीस आणि विचारलंस, डॅडी, माझ्यासाठी असं करशील का, आठवड्याला एक तास? मी म्हणालो, आता कोणाशी बोलणार आहेस मराठीत? तू समोरचं ताट तसंच ठेवून उठलीस. होदनला बिचारीला काही कळलं नाही. ती जाताना मला नमस्कार करून गेली.

मी त्या दिवशी दमलेला होतो. बाकी काही नव्हतं.

आता तुझ्या पत्रासोबतच्या कागदाबद्दल. सहा वर्षांपूर्वी, आईच्या शेवटच्या आजारात, तू हॉस्पिटलमध्ये फोनवर अकरा मिनिटं रेकॉर्ड करून ठेवली होतीस. ती ऐकून तू बावीस ओळी लिहून काढल्यास, कळलं नाही तिथं रेघा मारल्यास, आणि त्या रेघांवर काय होतं ते मी भरून पाठवावं असं म्हणतेस. मधुवंतीला ऐकवलं नाहीस हे चांगलं केलंस. घरातलं घरात राहिलं.

पहिल्या चौदा ओळी बरोबर आहेत. उशी, पाणी, खिडकीचा पडदा. पंधरापासून पुढे तिचा आवाज खोल गेला आहे. तुझ्या रेघांच्या जागी शब्द नाहीत, नुसतं कण्हणं आहे. औषधांची गुंगी होती. एकोणिसाव्या ओळीत ‘मी येतो’ आहे. बाईच्या तोंडी ‘येतो’ कसं, हे कोण म्हणालं, असं तू विचारतेस. बरोबर पकडलंस. ते मी म्हणालो होतो. मी दुपारी घरी जाऊन कपडे घेऊन येणार होतो, तेच ती सांगत होती, की बाबा म्हणाले, मी येतो.

शेवटी तुझा आवाज आहे, ‘येस ममी, येस.’ तू विचारतेस, मी कशाला हो म्हणाले? त्याच्या आधी माझा आवाज आहे तो ऐक. आई ऑपरेशनला तयार आहे, तिला हो म्हण, असं मी तुला इंग्रजीत सांगतो आहे. त्यालाच तू हो म्हणालीस. ‘ऑपरेशन’ हा शब्द आईच्या तोंडून कुठंच येत नाही असं तू लिहिलं आहेस. ते ती आधी बोलली होती, तुझा फोन चालू होण्यापूर्वी.

प्रबोध


बेडोक
३१ ऑगस्ट २०२५

अवनी,

दुसऱ्या पत्रात चुका कमी आहेत आणि आरोप जास्त. मधुवंतीची प्रगती आहे म्हणायची.

‘तुम्ही माझी भाषा का काढून घेतलीत?’ हे वाक्य व्याकरणाच्या दृष्टीनं निर्दोष आहे. उत्तर देतो. आपण सिंगापूरला आलो तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. बालवाडीत तू चार महिने एक शब्द बोलली नाहीस. बाईंनी मला बोलावून घेतलं आणि सांगितलं, मुलीच्या डोक्यात गोंधळ होतो आहे, घरात एकच भाषा ठेवा. मी तांजोंग पगार भागातल्या एका बँकेत नवा होतो. दर दोन वर्षांनी इथं काम करायचा पास वाढवून मिळतो की नाही ही धास्ती. त्यात मुलगी मुकी आहे की काय अशी दुसरी धास्ती. त्या दिवशी घरी येऊन मी ठरवलं, उद्यापासून घरात इंग्रजी. आज सगळे म्हणतात, दोन भाषांनी मुलांचं काही बिघडत नाही. तेव्हा मला कोणी सांगितलं नाही.

तुझ्या आईला मी विचारलं नाही. हे तू लिहिण्याआधी मीच लिहितो.

ती गडहिंग्लजची, मराठी शाळेत शिकलेली. इंग्रजी वाचता यायचं, बोलताना जीभ अडखळायची. तू मराठीत काही विचारलंस की ती माझ्याकडे बघायची आणि मग तुला म्हणायची, ‘से इन इंग्लिश.’ एकदा मी ऑफिसातून लवकर आलो तर ती तुला मांडीवर घेऊन काहीतरी म्हणत होती. बडबडगीत असेल. मला पाहून ती मध्येच थांबली. तू ‘मोअर, मोअर’ करत राहिलीस. मी तेव्हा तिला म्हणू शकलो असतो की चालू दे.

तू लिहितेस, मराठी ही भांडणाची भाषा आहे असं तुला लहानपणी वाटायचं, कारण ती बेडरूमच्या बंद दारामागूनच ऐकू यायची. खरं आहे. आम्ही दार लावून मराठीत बोलायचो, आणि दार लावून बोलण्यासारखं आमच्यात दुसरं काही नव्हतं.

चौदा वर्षांची असताना तू शाळेत, तुझ्या टीचरसमोर, आईला म्हणालीस, ममी, तू थांब, डॅडीला सांगू दे. मी त्यावर हसलो हे तुझ्या लक्षात आहे. माझ्याही आहे. येताना बसमध्ये ती बेडोकपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. त्यानंतर तिचं तुझ्याशी बोलणं पाच-पंचवीस वाक्यांवर आलं. जेवलीस का, छत्री घेतलीस का, किती वाजता येशील. तू ती वाक्यं ऐकून डोळे फिरवायचीस. म्हणजे मी एकटाच गुन्हेगार नाही या घरात.

हे शेवटचं वाक्य खोडणार होतो. राहू दे. पत्रात खोडाखोड केली की मागाहून लोक रेघा मारून विचारतात.

प्रबोध


बेडोक
२१ सप्टेंबर २०२५

अवनी,

तुझं पत्र एका ओळीचं आहे. ‘मधुवंतीची मैत्रीण उर्मिला कोल्हापूरची आहे, ती म्हणते आमच्याकडे बायकासुद्धा मी येतो, मी जातो म्हणतात, हे खरं का?’

खरं आहे.

जवळजवळ दोन आठवडे हा कागद समोर ठेवून बसलो आहे. रोज सकाळी मार्केटमधून भाजी आणतो, डाळभात लावतो आणि परत इथं येऊन बसतो.

तुझी आई लग्न होऊन पुण्याला आली तेव्हा ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ असंच म्हणायची. माझी आई हसायची, बहिणी हसायच्या. पाहुण्यांसमोर तिला मुद्दाम विचारायच्या, काय गं, जेवलो का? वर्षभरात तिनं ते सोडलं आणि आमच्यासारखं बोलायला लागली. मग इथं आल्यावर मी तिला तेही सोडायला लावलं. शेवटच्या महिन्यात इंग्रजी तिच्या तोंडून पार गेलं. पुणेरीही गेलं. मागे जे राहिलं ते गडहिंग्लजचं. नर्सेसना कळायचं नाही, तुला कळायचं नाही. त्या खोलीत तिचं बोलणं कळणारा मी एकटा होतो.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की दुसरं ऑपरेशन करता येईल, पण यशाची खात्री नाही, पेशंटला काय हवं ते विचारा. दुभाषी बोलावू का असंही त्यांनी विचारलं होतं. मी म्हणालो, गरज नाही, मी नवरा आहे.

तुझ्या रेघा भरतो. पंधरा ते एकोणीस ओळी अशा आहेत:

‘अवनी, ह्यांना विचारू नको. तूच सांग. मला ते पोट फाडून घ्यायचं नाही परत. मला घरी जायचंय, तुझ्या स्मितामावशीकडं. तिथं माझं बोलणं सगळ्यांना कळतंय. मी येतो तुझ्यासंगं.’

आणि विसाव्या ओळीत तू जिथं ‘नाव?’ असं लिहून प्रश्नचिन्ह टाकलं आहेस, तिथं ‘नेतीस न्हवं?’ आहे. म्हणजे, नेशील ना? पुढच्या दोन ओळींत तोच प्रश्न तिनं पुन्हा दोनदा विचारला आहे.

मग तू माझ्याकडे वळून विचारलंस, ती काय म्हणते आहे? पुढचा माझा आवाज तुझ्याकडे आहे.

तू तिचा हात धरून ‘येस ममी, येस’ म्हणालीस आणि मानही हलवलीस. रेकॉर्डिंगमध्ये ते दिसत नाही, मला दिसलं. तिचा चेहरा एकदम सैल झाला. मला वाटलं, बरं झालं, शांत झाली. दोन दिवसांनी तिला ऑपरेशनला नेलं तेव्हा ती तुला शोधत होती. तू लॅबमध्ये होतीस, मीच तुला जा म्हणालो होतो. तिला वाटत होतं, आपल्याला गावी नेताहेत, स्टेशनकडे की विमानतळाकडे, कोण जाणे. दारापाशी तिला कळलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर ती एकोणीस दिवस होती, नळी घातलेली, पण बोलली नाही ती नाहीच.

मी असं का केलं ते विचारशील. मला ती जायला नको होती. हे खरं आहे, पण सगळं खरं नाही. ती गडहिंग्लजला गेली असती, तर तिथल्या घरात तोंड उघडून बोलली असती. तीस वर्षांचं सगळं बोलली असती, आणि मी कोपऱ्यात खुर्चीवर बसून ऐकलं असतं. ते मला नको होतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

आणि हॉकर सेंटरमध्ये मी दमलेला नव्हतो. होदनची गोष्ट ऐकून मी मनात हो म्हटलं होतं. मग तू कारण सांगितलंस. माझ्याकडे ममीची अकरा मिनिटं आहेत, मला ती ऐकायची आहेत, असं म्हणालीस. तुझ्याकडे असं काही आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. म्हणून मी विचारलं, कोणाशी बोलणार आहेस.

पहिल्या पत्रात मी ‘येतो’बद्दल खोटं लिहिलं. लिहिताना वाईटही वाटलं नाही. तुला व्याकरण आलं म्हणून खोटं सोपं गेलं.

बाबा


बेडोक
१२ ऑक्टोबर २०२५

अवनी,

तुझं उत्तर आलं नाही. ते यावं म्हणून हे लिहीत नाही. क्लेमेंटीला तुझ्या इमारतीखाली मी गेल्या रविवारी येऊन गेलो. लिफ्टपर्यंत आलो होतो. होदन बाजाराच्या पिशव्या घेऊन आली, तिनं मला ओळखलं. तिला विचारलं, अवनी बरी आहे का? ती म्हणाली, कामावर जाते, पण खोलीत बोलणं ऐकू येतं, तेच तेच लावून ऐकत असते. वर येता का असं तिनं विचारलं. मी नाही म्हणालो. तिनं पिशव्या खाली ठेवल्या आणि मला म्हणाली, अंकल, माझ्या वडिलांनीही मला पुष्कळ गोष्टी उशिरा सांगितल्या, पण त्या मी विचारण्याआधी सांगितल्या. मग लिफ्ट आली.

एक गोष्ट तू विचारलेली नाहीस, कारण ती तुला माहीत नाही.

तू हो म्हणालीस त्या संध्याकाळी आईनं स्मितामावशीला फोन लावायला सांगितला. मीच लावून दिला आणि कानाशी धरला. ती बहिणीला म्हणाली, ‘अवनी नेतो म्हणाली. पोरगी कबूल झाली.’ स्मितानं दुसऱ्या दिवशी पुढची खोली रिकामी करून धुऊन घेतली आणि माडीवरची कॉट खाली आणवली. हे तिनं मला नंतर सांगितलं, आई गेल्याचा फोन केला तेव्हा. खूप रडली आणि मग तिनं विचारलं, ‘पोरीनं कबूल केलं होतं, मग आणलं का नाही?’

मी म्हणालो, तिला नाही जमलं. नोकरी नवी होती.

हे मी म्हणालो. अगदी सहज तोंडातून गेलं. पुढे कधीही सुधारता आलं असतं, सहा वर्षं होती. आई गेल्यावर तू स्मिताला इंग्रजीत मेसेज पाठवले होतेस आणि तिनं उत्तर दिलं नाही. तुला वाटलं की तिला इंग्रजी येत नाही म्हणून. मग वाटलं, तुला मराठी येत नाही म्हणून त्या लोकांना तू आवडत नाहीस. हे तू मला सांगितलंस तेव्हा मी म्हणालो होतो, गावाकडची माणसं तशीच असतात. तू मराठी शिकायला लागलीस ते काही अंशी त्यांच्यासाठी, हे मला मागाहून कळलं. स्मिताला इंग्रजी बऱ्यापैकी येतं. शाळेत क्लार्क होती ती.

आज सकाळी मी स्मिताला फोन केला. आधी तिनं माझी तब्येत विचारली. मी म्हणालो, एक सांगायचं आहे, मध्ये बोलू नकोस. मग सगळं सांगितलं. अवनीला आईचं बोलणं कळलं नव्हतं. ती कशाला हो म्हणते आहे हे तिला माहीत नव्हतं. तिला खोटं मी सांगितलं आणि तुलाही खोटं मीच सांगितलं. पोरीनं शब्द मोडला नाही, तिनं तो दिलाच नव्हता. सांगायला चार-पाच मिनिटं लागली. फोन कट झाला असं वाटून मी दोनदा हॅलो म्हणालो.

‘ऐकतो मी,’ ती म्हणाली.

मग तिनं मला एक शिवी दिली. तुझ्या आईच्या माहेरची आहे, लिहीत नाही. माझ्या सासऱ्यांच्या घरात मला कधी कोणी मोठ्यानं बोललं नव्हतं. ती दिल्यावर तिचा आवाज साधा झाला. ती म्हणाली की सहा वर्षं तिनं देवापुढे तुझं नाव घेतलं नाही. घरातल्या सगळ्यांचं घेते, तुझं गाळते. बहिणीची एकच पोर, आणि ती गाळली. मी म्हणालो, माझी चूक आहे. ती म्हणाली, ‘चूक म्हणू नका त्याला.’

तिकडे कोणीतरी तिला हाक मारली, तिनं थांब म्हणून सांगितलं. मग तिनं विचारलं, ‘पोरीला मराठी येतंय का आता?’

मी म्हणालो, येतं. लिहिते सुद्धा.

‘मग तिला करू दे फोन,’ ती म्हणाली. ‘तुम्ही नका करू परत.’

नंबर पाकिटाच्या आत वेगळ्या चिठ्ठीवर लिहिला आहे, म्हणजे हे पत्र फेकलंस तरी तो राहील. ती दहानंतर मोकळी असते. तिथले दहा म्हणजे आपले साडेबारा.

प्रबोध